चिमटीचं वजन

६ ऑक्टोबर, सोमवार

आज सकाळी हिचं वजन केलं. एकोणपन्नास किलो दोनशे ग्रॅम. फेब्रुवारीत सत्तावन्न होतं. काटा मी स्वतः तपासलेला आहे, त्यामुळे त्याच्यावर ढकलता येत नाही. डॉक्टरांनी मागच्या वेळी स्पष्ट सांगितलं, अठ्ठेचाळीसच्या खाली गेलं तर दवाखान्यात ठेवून नळीने अन्न द्यावं लागेल. ही तिथेच बसून भिंतीवरचं कॅलेंडर वाचत होती. जणू बोलणं शेजारणीबद्दल चाललं होतं.

ही वही ऑफिसची. निवृत्तीच्या दिवशी तपासणीच्या तीन कोऱ्या वह्या मी रीतसर अर्ज करून मागून घेतल्या. 'दुकानाचे नाव', 'मापाचा प्रकार', 'आढळलेली त्रुटी' असे रकाने छापलेले आहेत. मी रकान्यांवरून आडवं लिहितो. चौतीस वर्षं दुकानदारांची वजनंमापं तपासली, आता दुसऱ्या तऱ्हेच्या वहीत लिहायला मला जमतच नाही.

तर हकिकत अशी. फेब्रुवारीत ताप आला, आठ दिवसांत गेला, जाताना हिला वास येणंच घेऊन गेला. वास गेला म्हणजे चवही गेली. चहा म्हणजे गरम पाणी आणि पाव म्हणजे स्पंज, असं म्हणते. तरी दोन महिने सवयीने स्वयंपाक करत होती. मग एप्रिलमध्ये लेक आणि जावई जेवायला आले आणि सूपमध्ये घातलेली साय नासलेली होती. हिला कळलं नाही. मी सर्दीने बेजार, मलाही कळलं नाही. लेक सूप पीत नाही. जावई भिडस्त. दोन वाट्या प्यायले, वर "फार छान झालंय आई" म्हणाले आणि पुढचे दोन दिवस अंथरुणात काढले. त्या संध्याकाळी हिने एप्रन दारामागच्या खिळ्याला अडकवला तो अडकवलाच. तेव्हापासून स्वयंपाकघरात पाऊल टाकत नाही. पाणीसुद्धा मी आणून देतो.

सध्या मी शिजवतो. अंडी, बटाटे, परत अंडी. ही ताटातलं इकडचं तिकडे करते आणि उठते.

आणखी एक नोंद. ह्या घरात नाकाचे सगळे वाक्प्रचार बंद आहेत. मे महिन्यात मी भांडी घासताना सहज "नाकी नऊ आले" म्हणालो आणि हिचा चेहरा उतरला. मराठीत नाकावाचून बोलणं किती अवघड आहे, हे बंदी घातल्यावर कळतं.

आज लेकीचा फोन. दोन नोव्हेंबरला आमच्या लग्नाला चाळीस वर्षं होतील, तर हॉटेलात टेबल राखून ठेवू का, म्हणाली. ही म्हणाली, काही नको. आणि मी बोलून बसलो, "हॉटेल कशाला? दरवर्षीसारखं कोकरू करू घरी. मी करतो."

दरवर्षी त्या दिवशी ही कोकराची अख्खी तंगडी ओव्हनमध्ये भाजते. मी आजवर फक्त ती कापून वाढण्याचं काम केलं आहे, तेही वाकडं. इकडे ही हसायला लागली. पोट धरून हसली. एप्रिलनंतर पहिल्यांदा.

आता माघार नाही. उद्दिष्ट लिहून ठेवतो, म्हणजे मागाहून सोयीने बदलता येणार नाही: दोन तारखेला हिने एक ताट पूर्ण संपवायचं.

८ ऑक्टोबर, बुधवार

कृती लिहून घ्यायला बसलो. ही बाहेरच्या खोलीत, खुर्चीत. मी समोर, वही घेऊन.

"मीठ किती?"

"पुरेसं."

"पुरेसं म्हणजे किती ग्रॅम?"

"अहो, चार-पाच चिमट्या. मटण बघून."

"लसूण?"

"लागेल तेवढा."

"भाजायचं किती वेळ?"

"आवाज बदलेपर्यंत."

मी पेन खाली ठेवलं. ज्या 'अंदाजे' नावाच्या शत्रूशी मी चौतीस वर्षं बाहेर लढलो, तो माझ्याच घरात चाळीस वर्षं जेवून राहिला होता. हिला तसं म्हणालो. म्हणाली, "राहिला नव्हता, तो तुम्हाला जेवू घालत होता."

वाचनालयातून पाककृतीचं जाड पुस्तक आणलं. त्यात सगळं ग्रॅममध्ये आहे. लेखकाबद्दल मनात आदर निर्माण झाला.

११ ऑक्टोबर, शनिवार

सरावासाठी छोटा तुकडा आणायला मटणाच्या दुकानात गेलो. मटणवाला मला बघून हातातला सुरा ठेवून उभाच राहिला. त्याच्या वडिलांच्या वेळी मी एकदा ह्या दुकानाचा तराजू मोहोरबंद केला होता, बारा ग्रॅम खोट होती म्हणून. पोरगा तेव्हा शाळेत जात होता, पण घरात ती गोष्ट अजून सांगतात म्हणे. बाजारात मला सगळे काटेसाहेब म्हणतात, हे मला माहीत आहे. माझ्या तोंडावर म्हणणारा हा पहिला.

"या काटेसाहेब! काटा बघणार की मटण?"

"मटण. कोकराचं. खांद्याचं, एक किलो."

"तुम्ही? आणि वहिनी कुठायत? सहा महिने झाले, दिसल्या नाहीत."

सांगितलं थोडक्यात. त्याचा चेहराच पडला. मग तुकडा कापता कापता म्हणाला, "साहेब, ह्या दुकानात तुमच्यापेक्षा वहिनींची भीती जास्त होती. तुम्ही वर्षातून एकदा यायचात. त्या दर आठवड्याला. काट्याकडे बघायच्याही नाहीत. तुकडा तळहातावर घ्यायच्या आणि सांगायच्या, इतका इतका आहे. एकदा म्हणाल्या पन्नास ग्रॅम कमी आहे. बाबा चिडले, परत वजन केलं. बरोब्बर पन्नास कमी."

मी म्हणालो, योगायोग असेल. त्याने मला चरबी दाखवली, पांढरीशुभ्र हवी, मांस फिकट गुलाबी हवं, हाड बारीक. पिवळी चरबी म्हणजे म्हातारी मेंढी, ती कोकरू म्हणून गळ्यात बांधतात लोक. लिहून घेतलं.

१२ ऑक्टोबर, रविवार

पहिला सराव. पुस्तकाप्रमाणे मीठ, पुस्तकाप्रमाणे मिरी, लिंबाचा रस मोजपात्रात डोळ्यांच्या पातळीला धरून मोजला. ओव्हनचं तापमान दोन वेगवेगळ्या थर्मामीटरनी तपासलं. हिचा एप्रन मला होत नाही, बंद मागे कसेबसे पोचतात.

ही खुर्ची घेऊन दाराशी आली. उंबऱ्याच्या बाहेरच बसली, विणकाम घेऊन. मी म्हटलं तिथे उजेड कमी आहे. म्हणाली, असू दे.

पाऊण तास झाला तेव्हा विणता विणता म्हणाली, "चरबीची बाजू खाली ठेवलीत का हो?"

ठेवली होती. पण ओव्हनचं दार बंद होतं आणि हिची पाठ होती.

"कशावरून?"

"तडतड खालून येतेय."

मटणाची वहाण झाली होती. मी हट्टाने खाल्लं, जबडा अजून दुखतोय. हिने दोन घास घेतले आणि बशी सरकवली. मीठ म्हणे कडेला जास्त आणि मधे नाहीच, जिभेला खारट तेवढं कळतं तिला. पुस्तकाबद्दलचा आदर थोडा कमी झाला.

१६ ऑक्टोबर, गुरुवार

आजची नोंद महत्त्वाची. शांतपणे लिहितो.

मटणवाल्याचं बोलणं डोक्यातून जाईना. कपाटावरून माझा पितळी तराजू उतरवला, काचेच्या पेटीतला, दशांश ग्रॅमपर्यंत दाखवणारा. जेवणाच्या टेबलावर मांडला आणि हिला म्हणालो, जरा ये, तुझी चिमूट बघू.

"काय बघू?"

"मिठाची चिमूट. तू मटणाला घालतेस ती. पाची बोटांची. ह्या पारड्यात टाक."

"डोकं फिरलंय तुमचं." पण आली. खुर्ची ओढून टेबलाशी बसली. बरणीत हात घातला, न बघता, आणि पारड्यात टाकली. दोन ग्रॅम चार दशांश.

"परत."

दोन ग्रॅम चार दशांश.

दहा वेळा टाकायला लावली. निकाल असे: २.४, २.४, २.५, २.४, २.४, २.३, २.४, २.४, २.५, २.४. मधेच मी हिला गप्पांत गुंतवलं, लेकीच्या शाळेतली एक जुनी गोष्ट काढली, तरी फरक नाही. डाव्या हाताने टाकायला लावली. २.४!

शहरातल्या निम्म्या दुकानांचे तराजू ह्या कसोटीला उतरले नसते. मी दारोदार फिरून खरं माप शोधत होतो आणि ते घरी ओट्याशी उभं होतं. मला लाज वाटली आणि अभिमानही वाटला. दोन्ही एकदम आल्यामुळे मी नुसता उभा राहिलो.

"काय झालं?" ही म्हणाली.

"तुला वास येत नाही म्हणून तुला स्वयंपाक येत नाही, असं तुला वाटतं ना? हात बघ तुझा. हाताला कुठे ताप आला होता?"

मग रीतसर दाखला लिहिला. 'तपासलेले माप: चिमूट, पाच बोटी. धारक: गृहिणी. सरासरी: २.४ ग्रॅम. त्रुटी: मान्य मर्यादेच्या आत. व्यापारी आणि घरगुती वापरास योग्य.' खाली सही, तारीख. फ्रीजवर चुंबकाने लावला.

ही म्हणाली, "वेडे आहात." तीनदा वाचला. मग न्हाणीघरात गेली ती बराच वेळ बाहेर आली नाही. नळ वाहत होता. आली तेव्हा डोळे लाल होते. सर्दी तर झाली नसेल? उद्या गरम पाण्याची वाफ द्यायला हवी.

२० ऑक्टोबर, सोमवार

दुसरा सराव. मीठ हिने घातलं. फक्त प्रात्यक्षिक म्हणून, असं बजावून. मिरीही हिनेच घातली, कारण माझी भरडण्याची पद्धत तिला बघवेना. लसणाच्या पाकळ्या सुरीच्या टोकाने मांसात खोचायच्या असतात, हे पुस्तकात होतं, पण किती खोल ते नव्हतं. तेही हिने दाखवलं. शेवटी मी ओव्हनचं दार उघडलं आणि बंद केलं.

ही खुर्ची मात्र डोकेदुखी झाली आहे. आधी उंबऱ्याबाहेर होती, मग आत आली, आज ओव्हनपासून ऐंशी सेंटिमीटरवर होती. मला वळताना पाय लागतो. दोनदा सांगितलं, जरा मागे घे. घेते, आणि पाच मिनिटांनी तिथेच असते.

मटण मऊ झालं. हिने चार तुकडे खाल्ले! चव नाही म्हणाली, पण वरचा पापुद्रा कुरकुरीत आहे, खाताना कानाला बरं वाटतं. बटाट्यांच्या कडाही करकरीत लागतात, त्या वेचून खाल्ल्या. मला हे सुचलंच नव्हतं. मी चवीच्या मागे लागलो होतो आणि ही आवाज जेवत होती.

वजन: एकोणपन्नास सातशे.

२५ ऑक्टोबर, शनिवार

सगळं केलेलं मी एका वाक्यात घालवलं.

तिसरा सराव चालला होता. ओव्हनमधून असा काही घमघमाट सुटला की मी भान विसरून म्हणालो, "अहाहा, काय वास सुटलाय! नाही?"

ही उठली. विणकाम खुर्चीवर ठेवलं आणि बाहेर गेली. ओरडली असती तर बरं झालं असतं. जेवायला आली नाही. मी एकट्याने जेवलो आणि मला ते उत्तम झालेलं मटण गिळवेना.

खरं लिहायचं तर मला शंका येते की हे मी कोणासाठी करतोय. हिला जेवू घालायचंय की मला शाबासकी हवी आहे? काटेसाहेबांनी तेही करून दाखवलं, असं कोणीतरी म्हणावं, एवढंच तर नाही ना?

दुपारी लेकीचा फोन आला, हिच्याशी तासभर बोलली. आधी आवाज नव्हता, मग हिचं हसू ऐकू आलं. नंतर लेक मला म्हणाली, "बाबा, सोडून देऊ नका हं. आई म्हणते, बाबांना स्वयंपाकघरात एकटं सोडणं धोक्याचं आहे, तिला लक्ष ठेवावं लागतं."

मी म्हणालो, लक्ष काय ठेवायचंय, मी सगळं मोजून करतो. लेक म्हणाली, हो बाबा. हे "हो बाबा" मी ओळखतो, ते तिच्या आईकडून आलंय.

२६ ऑक्टोबर, रविवार

माफी मागितली. "कशाची?" म्हणाली. मग म्हणाली, "मला राग तुमचा नाही आला. तुम्हाला येत होता आणि मला नाही, त्याचा आला. घरात मी पाहुणी असल्यासारखं वाटतं." मी तिचा हात धरून बसलो. पंधरा मिनिटं असेल, घड्याळ बघितलं नाही.

२९ ऑक्टोबर, बुधवार

किरकोळ. डॉक्टरांनी मार्चमध्ये चार बाटल्या रोज हुंगायला सांगितल्या होत्या, लिंबू, लवंग, गुलाब आणि निलगिरी. महिनाभर करून हिने त्या कपाटात मागे लोटून दिल्या होत्या. आज बघतो तर स्वयंपाकघराच्या खिडकीत ओळीने मांडलेल्या, पुसून स्वच्छ. कपाट आवरायला काढलं असावं. मी परत ठेवायला गेलो तर म्हणाली, राहू द्या, खिडकीत बऱ्या दिसतात.

वजन: पन्नास शंभर.

१ नोव्हेंबर, शनिवार

मटण आणायला निघालो तर ही चप्पल घालून दारात उभी. "तुम्हाला म्हातारी मेंढी देतील," म्हणाली. सहा महिन्यांनी बाजारात आली. वाटेत भाजीवालीने हाक मारली, इस्त्रीवाल्याने मारली, हिला पंधरा मिनिटांच्या रस्त्याला पाऊण तास लागला. मी पिशवी धरून उभा.

मटणवाल्याने दोन तंगड्या पुढे ठेवल्या. हिने एक दाबून पाहिली, दुसरी दोन्ही हातांवर घेतली, डोळे मिटले.

"दोन किलो तीनशे दहा."

मटणवाल्याने माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, लाव काट्यावर. दोन किलो तीनशे पंधरा!

मटणवाला टाळ्या वाजवायला लागला. रांगेतल्या बायकाही. मी म्हणालो, थांबा, खालचा कागद काढा. कागद काढला. दोन किलो तीनशे दहा.

येताना मी पिशवी छातीशी धरून चाललो. मला कोणी पदक दिलं असतं तरी मी एवढा ऐटीत चाललो नसतो.

२ नोव्हेंबर, रविवार

फजिती झाली. क्रमाने लिहितो.

सकाळी आठला तंगडी फ्रीजमधून बाहेर काढली. मीठ, मिरी, लिंबू, तेल, लसूण, सगळं हिच्या हातचं. साडेदहाला ओव्हनमध्ये. साडेबाराला काढायची, तोपर्यंत दर अर्ध्या तासाने ताटलीतला रस वरून घालायचा, ही जबाबदारी माझी. बाराला लेक आणि जावई आले. बिचारे जावई दारातूनच म्हणाले, "बाबा, सूप नाही ना?" लेकीने कोपर मारलं.

सव्वाबाराला हिला आठवलं की मोठा टेबलक्लॉथ गच्चीवर वाळत घातलाय. लेकीला घेऊन वर गेली. आमचं घर पहिल्या मजल्यावर आणि गच्ची त्यावर आणखी दोन मजले. मी जावयांना फ्रीजवरचा दाखला दाखवला. ते उत्सुकतेने विचारू लागले, मान्य त्रुटी म्हणजे काय. मला कोणी हा प्रश्न विचारत नाही. मी बाहेरच्या खोलीत नेऊन कागदावर आकृती काढून समजावलं. आधी दुकानी तराजू, मग सोनाराचा, मग वजनकाटा, ज्यावर ट्रक उभे करतात तो.

तेवढ्यात गच्चीवरून हिचा आवाज, "अहो! लसूण जळतोय! अहो, लसूण!"

मला रागच आला. दोन मजले वरून सूचना! प्रत्येक गोष्टीत (इथे जो वाक्प्रचार येतो तो बंद आहे) लुडबूड करायलाच हवी का? तरी घड्याळ बघितलं. एक वाजायला दहा मिनिटं होती. टायमर वाजून गेला होता की मी लावलाच नव्हता, देव जाणे. धावलो. दार उघडल्यावर धूर अंगावर आला. ताटलीतला रस आटून त्याचं डांबर झालं होतं, लसणाच्या पाकळ्यांचा कोळसा, आणि तंगडीची एक बाजू काळीठिक्कर.

ही जिने उतरून आली. इतक्या भराभर की मी घाबरलो, पडेल म्हणून. माझ्या हातातली ताटली ओट्यावर ठेवायला लावली आणि तिच्यावर वाकली. वाकली ती वाकलीच. वाफेने तोंड भाजेल म्हणून मी खांद्याला धरून मागे ओढलं तर माझा हात झटकला आणि पुन्हा वाकली. मग हसायला लागली. हसता हसता डोळ्यांतून पाणी. धुराने मलाही येत होतं.

"एवढं काय हसायचं?" मी म्हणालो. "चाळीस वर्षांत एक दिवस मी केलं आणि जाळलं."

त्यावर आणखीच हसली. लेक मागून टेबलक्लॉथ घेऊन आली, तिने आईकडे पाहिलं, ही तिच्या कानात काहीतरी म्हणाली आणि लेकीने टेबलक्लॉथमध्ये तोंड लपवलं. मला वाटलं, तिलाही हसू आवरेना. खांदे हलत होते. मग येऊन माझ्या गळ्यात पडली आणि म्हणाली, "बाबा, किती छान जाळलंत हो!" वडिलांची इतकी थट्टा करू नये. जावयांना दाराआड नेऊन तिने काय सांगितलं कोण जाणे, तेही परत येऊन माझा हात हातात घेऊन हलवत राहिले.

हिने काळी बाजू तासून काढली. आतलं मटण गुलाबी, रसदार, आश्चर्य म्हणजे उत्तम झालं होतं. कापलंही हिनेच, म्हणाली तुम्ही वाकडं कापता. वाढलंही हिनेच. मला खुर्चीत बसवलं. जळलेल्या दोन पाकळ्या स्वतःच्या बशीत घेतल्या. मी म्हटलं, टाक ते, कडू असेल. म्हणाली, "माझ्या बशीत लक्ष घालू नका."

आणि जेवली. एक ताट पूर्ण. मग दुसरं अर्धं. हाड हातात घेऊन चोखलं. आजवर कोणाच्या घशाखाली मटण उतरलं म्हणून मी असा खूश झालो नव्हतो. सगळे तिच्याकडेच बघत होते, मधूनच लेक डोळे पुसत होती. एवढं भावनिक व्हायचं कारण मला कळलं नाही, पण चाळीस वर्षं म्हणजे काही थोडी नव्हेत.

उद्दिष्ट: साध्य. त्रुटी: मर्यादेबाहेर. पुढच्या वर्षी दोन टायमर.

३ नोव्हेंबर, सोमवार

सकाळी सातला बसलो आहे. कालच्या चुकीची कारणमीमांसा लिहायची म्हणून कालची नोंद पुन्हा वाचली. दुकानदाराची वही वाचावी तशी, ओळीवर बोट ठेवून. एका ओळीवर बोट थांबलं.

गच्चीवरून ओव्हन दिसत नाही. स्वयंपाकघराची खिडकी उघडी होती, पण आवाज दोन मजले वर जाणार नाही, आणि चरबीची तडतड तर तोवर संपलेली होती. धूर मी दार उघडल्यावर बाहेर आला, आधी नाही.

आणि ती "जळतंय" म्हणाली नाही. लसूण म्हणाली. लसूण जळतोय.

पेन ठेवतो.

---

आलो. आता साडेआठ.

ही खिडकीत उभी होती, चहाचा कप दोन्ही हातांत, तोंड कपावर, डोळे मिटलेले. मी दारात उभा राहिलो. तिने डोळे न उघडताच विचारलं, "काय? पोचलात का त्या ओळीपर्यंत?"

मी मान हलवली. ती काही बघत नव्हती, मग मोठ्याने हो म्हणालो.

"साडेअठरा तास लागले," ती म्हणाली. "लेक म्हणत होती संध्याकाळपर्यंत कळेल. जावई म्हणाले दोन दिवस. मी म्हटलं, वहीत लिहितील, मग परत वाचतील, मग कळेल."

"अगं, पण सांगायचंस ना!"

"तुम्ही एवढे चिडला होतात. म्हटलं, चिडू दे थोडं. माझ्या स्वयंपाकघरात सहा महिने हुकूमत गाजवलीत."

"चहाचा वास येतो?"

"नाही. अजून गरम पाणीच आहे." कप खाली ठेवला. "लिंबाचा नाही. गुलाबाचा नाही. लवंगेचा परवा जरासा आल्यासारखा वाटला, पण खात्री नव्हती, म्हणून बोलले नाही. लसणाचा मात्र आला. जळक्या लसणाचा. गच्चीवर कापड ओढता ओढता एकदम. मी आधी लेकीलाच म्हटलं, तुला येतोय का गं? ती म्हणाली, कसला?"

मी खुर्चीत बसलो, ती जी माझ्या वाटेत असते तीच. हा वास उद्या सकाळी राहील की जाईल, कोणाला ठाऊक. डॉक्टरांना विचारायला हवं. नाकाच्या वाक्प्रचारांवरची बंदी मात्र मी तिथल्या तिथे उठवली. म्हणालो, "काल तू दोन मजले वरून माझ्या कामात नाक खुपसलंस." चाळीस वर्षांत हिला माझं कुठलंच बोलणं इतकं आवडलं नसेल.

मग तिने माझ्या मागे येऊन एप्रनचे बंद सोडले. रोज सकाळी अंडी उकडायला बांधतो तो. काढून घेतला, स्वतः बांधला आणि तव्यावर तेल टाकलं.

"चार पाकळ्या सोला," म्हणाली. "आणि जळेपर्यंत हलवू नका."

सोलल्या. तव्यावर टाकल्या. आम्ही दोघं त्यावर वाकून उभे राहिलो, आधी पांढऱ्या, मग पिवळ्या, मग तपकिरी. काळ्या व्हायला लागल्या तेव्हा तिने माझं मनगट घट्ट धरलं.

एकूण चार पाकळ्या, मुद्दाम जाळल्या. वजन केलं नाही.